दुखत नाही म्हणून

हैदराबादच्या कोठी भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानापुढे उभा राहून एखादा वाचक पान उलटतो आणि अक्षरांवरून काळे ठिपके तरंगत गेल्यासारखे त्याला दिसतात. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे म्हणून तो घरची वाट धरतो. बहुधा यात भिण्यासारखे काही नसते. परंतु त्या वाचकाच्या शरीरात एच.आय.व्ही.चा संसर्ग असेल आणि प्रतिकारशक्ती फार खालावली असेल, तर हेच ठिपके अंधत्वाची पहिली सूचना ठरू शकतात.

या अनर्थाला कारण होणारा विषाणू सायटोमेगॅलो या नावाचा आहे. भारतातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो लहानपणापासूनच निजून असतो. शरीराचे राखणदार जागे असेतो त्याचा उपद्रव होत नाही. या राखणदारांपैकी सीडी-४ पेशींची संख्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये पन्नासाखाली उतरली, की तो जागा होतो आणि डोळ्याच्या आतला पडदा नासवू लागतो. आरंभी एक डोळा, आणि उपचार न झाल्यास पुष्कळदा दुसराही! नासलेला भाग पुन्हा देखता होत नाही. उरलेला मात्र वाचविता येतो.

त्यासाठी गॅन्सिक्लोव्हिर हे औषध शिरेतून किंवा थेट डोळ्यात टोचून देतात. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्याही आहेत. त्याच्या जोडीला एच.आय.व्ही.वरील औषधे हवीत, कारण राखणदार पुन्हा उभे करतात ती तीच. एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ती विनामूल्य देण्यास प्रारंभ केला.

मग दृष्टी जाते का? पुष्कळदा उशिरामुळे, आणि उशिराचे मूळ लज्जेत असते. याच कोठीत उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची परंपरा १८४६ पासूनची. विद्येचे दार इतके जवळ असूनही लोक काय म्हणतील या भयाने रोगी उंबरठ्यावर अडतो. २०१७ च्या कायद्याने एच.आय.व्ही.बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तथापि शेजाऱ्याच्या जिभेला आवर घालणे समाजाच्याच हाती आहे.

सीडी-४ पेशी फार घटलेल्या रोग्याने तक्रारीची वाट पाहू नये. औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करावी आणि नेत्रवैद्याने आतला पडदा पाहावा, एवढीच ती तपासणी. ठिपके, चमकणारा प्रकाश किंवा नजरेपुढे सावली दिसली, तर दुसऱ्या दिवसाची प्रतीक्षाही नको. दुखणारा डोळा माणसाला वैद्याकडे नेतो. न दुखणाऱ्या डोळ्याला माणसानेच नेले पाहिजे.