संगणकाचे दार उघडणारे प्राध्यापक
(वर्धापनदिनी अभ्यासिका मंडळातर्फे झालेले भाषण)



तीन वर्षांपूर्वी आपल्या अभ्यासिकेतली एक मुलगी रडत आली. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, बी.एस्सी.ला जावं लागलं. "आता कॉम्प्युटर विसरा," म्हणाली. आम्ही तिला प्रा. वैद्येश्वरन राजारामन यांची हकीकत सांगितली.

१९३३ चा जन्म. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९६१ ला पीएच.डी. घेऊन ते मायदेशी परतले, कानपूरच्या आय.आय.टी.त शिकवू लागले. तिथे १९६३ ला आय.बी.एम. १६२० हा संगणक आला. पण परदेशी पुस्तके पोरांना परवडणार कशी? सरांनी स्वतःच सोपी, स्वस्त पुस्तके लिहिली. फोरट्रान शिकलेल्या कित्येकांचे पहिले पुस्तक त्यांचेच. पुढे बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, १९९८ ला पद्मभूषण, ते असो.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच. संगणकासाठी माणसे कशी तयार करावीत, यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सर अध्यक्ष होते. तिच्या शिफारशीतून एम.सी.ए. आला, तोही इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांसाठी! बी.एस्सी.वाली पोरं या क्षेत्रात शिरली ती याच वाटेने. तेव्हा तो तीन वर्षांचा होता, आता दोन वर्षांचा आहे. प्रवेशपरीक्षा असते, आणि गणित काही चुकत नाही.

त्या मुलीने यंदा फॉर्म भरलाय. आणखी कोणाला भरायचा असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर अभ्यासिकेत यावे. आईवडिलांनीही यावं, फी आणि शिष्यवृत्तीचं बोलायचं आहे.