हत्याराची बैठक



व्याख्यानाचा विषय ऐकून पुष्कळांना वाटले असेल, की लोखंडाच्या किसात वसंताचे काय काम? शंका रास्त आहे. आम्ही विद्वान नाही. घरामागच्या पडवीत एक लहानसा लेथ बसवून फावल्या वेळात लोखंड कातणारे हौशी आहोत. पण या लेथने आम्हांला जे शिकवले, ते सांगण्याजोगे आहे असे वाटले, म्हणून येथे उभे राहण्याचे धाडस केले.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कातकाम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ठाऊक आहे की तेथे पटाशी कारागिराच्या हातात असते. लाकूड फिरते आणि हात हुकूम करतो. धातूच्या कामातही एके काळी असेच चाले. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याने हत्यार माणसाच्या मुठीतून काढून सरकत्या लोखंडी बैठकीत घट्ट आवळलेला स्क्रू-कटिंग लेथ सिद्ध केला. अशी बैठक त्याच्या आधीही काहींनी योजली होती, पण कारखान्यांत ती रुजली ती त्याच्या कामामुळे. माणसाचा हात थरथरतो, लोखंडाचा थरथरत नाही, अशी त्यामागची समजूत. ती अर्धीच खरी आहे, आणि आजचे भाषण उरलेल्या अर्ध्याविषयी आहे.

हत्यार ज्यात बसते त्याला आपण टूल होल्डर म्हणतो. हत्याराचे टोक फिरत्या जॉबच्या बरोबर मध्यरेषेवर असावे, हा पहिला नियम. का? टोक अर्धा मिलिमीटर वर राहिले असे समजा. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर त्याने कापण्याचा कोन एका अंशाच्या आसपास बदलतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. पण दहा मिलिमीटरच्या पिनेवर तोच अर्धा मिलिमीटर सुमारे पावणेसहा अंशांचा फरक करतो. बाजारातल्या पुष्कळशा कार्बाइड टोकांना खालच्या बाजूस सातच अंशांची मोकळीक असते. म्हणजे उरला सव्वा अंश! हत्यार कापायचे सोडून घासू लागते. टोक खाली राहिले, तर दांड्याचे तोंड साफ करताना मधोमध एक बोंड उरते, आणि तुकडा तोडताना हत्यार आत ओढले जाऊन मोडण्याची भीती असते.

आता आमची फजिती सांगतो. शेजारच्या एक बाई शिवणकामावर घर चालवतात. त्यांच्या जुन्या यंत्राची दहा मिलिमीटरची एक पिन झिजली. नवी बाजारात मिळेना. आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ताई, उद्या संध्याकाळी घेऊन जा." आमच्याजवळ सोळा मिलिमीटर जाडीचे एक चांगले हत्यार होते, पण आमचा होल्डर लहान. तो अगदी तळाला टेकवला तरी त्याच्या खाचेचा तळ मध्यरेषेच्या खाली साडेतेराच मिलिमीटर. म्हणजे टोक अडीच मिलिमीटर वर!

आम्ही काय केले? होल्डरवर कानस फिरवून पाहिली. ती धरत होती, घसरत नव्हती; म्हणजे पाणी दिलेले नव्हते. चकमध्ये कटर धरला, होल्डर सरकत्या पाटावर बांधला आणि खाचेचा तळ अडीच मिलिमीटर कापून काढला. टोक मध्यरेषेवर आले. आम्ही खूश! पण पहिल्याच कापाला हत्यार किंचाळू लागले. पिनेवर माशाच्या खवल्यांसारख्या खुणा उठल्या. त्या पुसण्यासाठी आणखी एक काप घेतला, मग आणखी एक, आणि पिन मापाखाली गेली. कापलेला धातू परत चिकटवता येत नाही. ऐन लग्नसराईत त्या बाईंचे यंत्र आणखी दोन दिवस बंद राहिले. त्या काही बोलल्या नाहीत. तेच अधिक लागले.

चूक कोठे होती? मापात नव्हती, विचारात होती. होल्डरचा तळ सात मिलिमीटरचा होता, तो साडेचारचा झाला. पुढे आलेली पट्टी जाडीच्या घनाच्या प्रमाणात ताठ असते. जाडी निम्मी केली तर तेवढ्याच भाराखाली वाक आठपट होतो. आमच्या सात-साडेचारच्या हिशेबात तो जवळजवळ पावणेचारपट झाला. लोखंडाचा हातही थरथरतो, तो असा.

मग दुसऱ्या होल्डरला हात न लावता हत्यारालाच कापले. तेही सगळे नव्हे. खाचेत बसणारा दांड्याचा भाग तेवढा खालून अडीच मिलिमीटर उतरवला. खाचेबाहेर राहणारा भाग, ज्यावर सगळा भार येतो, तो मूळच्या सोळाचाच ठेवला. दोन्ही जाड्या मिळतात तो कोपरा काटकोनी न ठेवता गोलसर केला, कारण चीर धारदार कोपऱ्यातूनच सुरू होते. हत्यार बाहेर शक्य तितके थोडे काढले. टोक आणि दांडा यांच्यामध्ये एक पातळ पोलादी पट्टी हलक्या हाताने धरून पाहिली. पट्टीचा माथा आपल्यापासून दूर कलला तर टोक वर, आपल्याकडे कलला तर खाली. पट्टी सरळ उभी राहिली. दुसरी पिन पहिल्याच दमात उतरली, आणि ते यंत्र आजही चालते आहे.

मंडळी, दोन्ही वेळा कापले तितकेच, अडीच मिलिमीटर. एकदा कापले ते आधारातून, एकदा त्या आधारावर बसणाऱ्यातून. होल्डर बिघडला की त्यात बसणारे प्रत्येक हत्यार बिघडते. हत्यार बिघडले तर एकच बिघडते. काही बदलायचे झाले, तर भार कोण सोसतो हे आधी पाहावे आणि त्याची जाडी शेवटपर्यंत राखावी. हे आम्ही एका पिनेच्या आणि एका बाईच्या दोन दिवसांच्या किमतीत शिकलो. आपणांस ते फुकट मिळावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.