गृहकर्जाचा सल्ला कोणाच्या हिताचा?

(जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या विचारांविषयी समाजवादी कार्यकर्त्यांत मतभेद असू शकतील. परंतु दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे, ही गोष्ट आजच्या विषयाशी निगडित आहे. अक्षर, लेखणी, शाई, कागद यांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की असली पाहिजे: लिहिलेले वाचता येणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे. आज याच परिसरातील माणूस घर बांधण्यासाठी कर्ज काढतो तेव्हा तो जो करारनामा सही करतो, तो बहुधा इंग्रजीत असतो, बारीक टाइपात असतो, आणि त्याचे एकही पान त्याने वाचलेले नसते. ते वाचण्याचे काम त्याने दुसऱ्यावर सोपवलेले असते. हा दुसरा माणूस म्हणजे गृहकर्जाचा एजंट. त्याचा सल्ला कोणाच्या हिताचा असतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा मधला माणूस नवा नाही. निजामी राजवटीत मराठवाड्यातील दफ्तराची भाषा उर्दू होती आणि रयतेची मराठी. या दोहोंच्या मधल्या फटीत अर्जनवीस बसलेला असे. पलीकडे इंग्रजी मुलखात गहाणखते मराठीतच लिहिली जात; पण कुणब्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून फट तेथेही होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जो उठाव झाला, त्याचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या कर्जरोख्यांवर होता. आपण कशावर अंगठा उठवला हे न कळलेल्या माणसाने शेवटी तो कागदच जाळला. या उठावानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा आला. शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावेत, सावकाराने पावती व हिशेब द्यावा, आणि न्यायालयाने नुसत्या रोख्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या चार जिल्ह्यांना लागू झाला. मराठवाडा निजामाकडे असल्याने या संरक्षणाबाहेर राहिला. परकीय सरकारलाही त्या काळी एक गोष्ट उमगली होती. कर्जदार अडाणी आहे म्हणून त्याची कीव करणे पुरेसे नसते. कागदाची भाषा आणि हिशेबाची रीत बदलावी लागते.

आता गृहकर्जाकडे वळू. १९७० साली हुडको, १९७७ साली एचडीएफसी आणि १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक स्थापन झाली. या सगळ्या व्यवस्थेची घडण पगारदार शहरी माणसाला समोर ठेवून झाली. पगारपत्रक, आयकर विवरण, नोंदणीकृत सदनिका आणि महिन्याच्या महिन्याला येणारे उत्पन्न, ही तिची गृहीतके. जांबच्या परिसरातील कापूस, सोयाबीन किंवा मोसंबी पिकवणाऱ्या घरात यांपैकी काय असते? उत्पन्न हंगामाला येते, पगारपत्रक नसतेच. घर गावठाणात असेल तर हाती ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. तो कर आकारणीचा दाखला आहे, मालकी हक्काचा निर्णायक पुरावा नव्हे. गावठाणांच्या ड्रोनमोजणीची स्वामित्व योजना २०२० साली जाहीर झाली आणि मालमत्ता पत्रके मिळू लागली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु पत्रक मिळाले म्हणून बँकेचे दार आपोआप उघडत नाही. घरकुल योजनेचे अनुदान २०१६ साली सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. तेवढ्यात घर पुरे होत नाही, आणि उरलेल्या भिंतींसाठी माणूस कर्जाकडे वळतो.

बँकेच्या शाखेत मनुष्यबळ अपुरे. अर्जदाराला तीनदा परत पाठवले जाते, दर वेळी एक नवा कागद मागितला जातो, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी एजंट दारात येतो. तो कागद गोळा करतो, कोणती संस्था कोणता उतारा मान्य करते हे त्याला ठाऊक असते, तो मराठीत बोलतो आणि रविवारीही भेटतो. हे काम खरे आहे. म्हणून एजंटाला सरसकट लुच्चा ठरवणे हे चुकीचे विश्लेषण होईल. तो व्यवस्थेतील एक पोकळी भरतो. प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही, त्याच्या मिळकतीच्या उगमाचा आहे.

गृहकर्जाच्या बहुतेक एजंटांना कर्ज देणारी संस्था दलाली देते, आणि ती वाटप झालेल्या रकमेच्या टक्केवारीने देते. याचे परिणाम समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पाच लाखांत भागत असताना सात लाख घ्या असा सल्ला का मिळतो, जी संस्था अधिक दलाली देते तिचेच नाव आधी का निघते, आणि ‘आत्ता कर्ज घेऊ नका’ हा सल्ला कधीच का मिळत नाही, याचे उत्तर या टक्केवारीत आहे. जो ऋणकोकडे सल्लागार म्हणून बसतो तो धनकोचा विक्रेता असतो. विमा विकणाऱ्याला विमा नियामकाची परीक्षा आणि परवाना लागतो. सदनिकेचा दलाल महाराष्ट्रात २०१७ पासून महारेराकडे नोंदला जातो. परंतु गृहकर्जाच्या एजंटासाठी असा स्वतंत्र परवान्याचा कायदा नाही. त्याच्या वर्तनाची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने त्याला नेमणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

हा प्रश्न केवळ येथला नाही. अमेरिकेत २००८ च्या अरिष्टापूर्वी, ज्या व्याजदरास ऋणको पात्र असे त्यापेक्षा चढा दर त्याच्या गळ्यात मारल्यास दलालाला जादा मोबदला मिळे. तेथे २०११ साली ही पद्धत बंद झाली, पण तोवर लाखो घरे गेली होती. ऑस्ट्रेलियात २०१९ साली चौकशी आयोगाने दलालाचे पैसे ऋणकोने द्यावेत, धनकोने नव्हे, अशी शिफारस केली. तेथील सरकारने ती जशीच्या तशी स्वीकारली नाही. मात्र दलालाने ऋणकोचे हित प्रथम पाहावे असे कायदेशीर बंधन २०२१ पासून लागू केले. भारतात तेवढेही झालेले नाही.

सल्ल्यातील फरक किती महाग पडतो, हे एका हिशेबावरून दिसेल. दहा लाख रुपये वीस वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो. १२ टक्क्यांनी घेतले तर सुमारे ११,०११. महिन्याचा फरक दोन हजारांचा, आणि म्हणून सोसण्याजोगा वाटतो. वीस वर्षांत तो ४ लाख ८३ हजारांवर जातो. दुसरी फसगत फ्लॅट दराची. कोणी ‘फक्त सहा टक्के फ्लॅट’ म्हणाला, तर त्याच वीस वर्षांच्या दहा लाखांवर बारा लाख व्याज होते, आणि घटत्या शिलकीवर हाच दर सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास पडतो. सहा हा आकडा खोटा नसतो. तो फक्त अपुरा असतो.

याहून गंभीर बाब तारणाची आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने थकीत कर्जाच्या तारणाचा ताबा, साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दाव्याविना घेण्याचा अधिकार बँकांना मिळाला. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. कर्ज मिळावे म्हणून सातबाऱ्यावरचा तुकडा अकृषिक करून घेण्याचा सल्ला एजंट सहज देतो. काही प्रकरणी तो योग्यही असेल. परंतु त्या सहीबरोबर तो तुकडा शेतजमिनीला मिळणाऱ्या संरक्षणातून बाहेर पडतो, हे सांगण्याचे त्याला कारण नसते. तीच गोष्ट बनावट उत्पन्नाच्या दाखल्याची. ‘सगळे असेच करतात’ असे म्हणून तो दाखला जोडला जातो; अर्जावर सही मात्र अर्जदाराची असते, आणि गुन्हा दाखल झाला तर पहिले नाव त्याचेच येते. एकाच वेळी पाच संस्थांकडे अर्ज टाकण्याचाही तोटा अर्जदारालाच होतो, कारण प्रत्येक चौकशीची नोंद त्याच्या सिबिल अहवालात राहते.

कायद्याने दिलेली काही साधने मात्र हाताशी आहेत, आणि कार्यकर्त्यांना ती तोंडपाठ असली पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी संस्थेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरणपत्र, ऋणकोला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. प्रक्रिया शुल्क, विमा आणि संस्थेमार्फत वसूल होणारे इतर खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, हे त्यात लिहावे लागते. ते वाचून निर्णय करण्यास किमान तीन कामाचे दिवस मिळतात. ‘आजच सही करा’ असे म्हणणाऱ्याला एवढेच उत्तर पुरे आहे. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड आकारता येत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत दिली पाहिजेत. विलंब संस्थेचा असेल तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. वर्षातून एकदा आपला पतअहवाल विनामूल्य मागवता येतो. संस्थेने तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे वकिलाविना आणि शुल्काविना जाता येते.

परंतु नियम छापला म्हणजे तो गावात पोचला असे होत नाही. १८७९ च्या कायद्यातही पावतीची तरतूद होती. ती मागण्याचे बळ ज्याच्या अंगी होते त्यालाच ती मिळे. म्हणून येथे संघटनेचे काम सुरू होते. आठवडी बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या किंवा वाचनालयाच्या ओट्यावर, दोन शिकलेल्या तरुणांनी दोन तास बसावे आणि येईल त्याचा कर्जाचा कागद मराठीत वाचून दाखवावा. त्यांनी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी: एजंटाला पैसे कोण देतो? विवरणपत्र मराठीत मिळाले काय? रोख दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती कोणाच्या नावाची आहे? या कामाला भांडवल लागत नाही, चिकाटी लागते.

याबरोबर काही मागण्याही पुढे रेटल्या पाहिजेत. एजंटाने आपली दलाली अर्जदाराला लेखी सांगावी. त्याची सार्वजनिक नोंदणी व्हावी. संपूर्ण करारनामा, केवळ विवरणपत्र नव्हे, मराठीत मिळावा. शेतकरी कुटुंबाच्या गृहकर्जाचा हप्ता महिन्याला नव्हे तर पीक विकल्यावर यावा. यांत क्रांतिकारक असे काहीच नाही. म्हणूनच त्या नाकारणाऱ्यांना कारणे द्यावी लागतील.

शेवटी एक धोक्याची सूचना. ओट्यावर बसणारा कार्यकर्ता लवकरच सर्वांच्या परिचयाचा होईल, आणि मग एखादी संस्था त्याच्याकडे येईल. तुमच्याकडे माणसे येतात, ती आमच्याकडे पाठवा, तुमचेही पाहू, असे सांगेल. त्या दिवशी त्याने चहासुद्धा घेऊ नये. गावाला आणखी एका एजंटाची गरज नाही. कागद वाचून दाखवण्यात ज्याचा काहीच फायदा नाही, असा माणूस गावाला हवा आहे.