चार पट्ट्यांतली प्रार्थना



मघाशी आपण म्हटली तीच प्रार्थना मी गेल्या वर्षी संगणकावर वेगळ्याच रूपात ऐकली. आईला कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं होतं. यंत्र सुरू झालं त्या दिवशी ती म्हणाली, "तू पत्र्याच्या डब्यातून बोलतेस." खरं सांगते, मला रागच आला. इतका खर्च, इतकी धावपळ!

मग वाचायला लागले. आतल्या कानात आवाज टिपून मेंदूकडे धाडणाऱ्या सुमारे ३,५०० पेशी असतात. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड जेमतेम १२ ते २२. १९९५ साली रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्यांना बोलणं चारच पट्ट्यांत मोडून, प्रत्येक पट्टीत नुसती खरखर भरून ऐकवलं. सरावानंतर त्यांना बहुतेक सगळं कळलं.

तसा प्रोग्राम लिहायला मला एक रविवार पुरला. आधी बातम्या घातल्या, समजल्या. मग आपली प्रार्थना घातली. शब्द ओळखू आले (पाठच आहेत म्हणा), चाल मात्र पार गेली. आवाज कधी वाढतो, कधी ओसरतो एवढं टिकतं. सुराचे बारकावे चार पट्ट्यांत मावत नाहीत.

आई चाळीस वर्षं पेटी वाजवायची.

आता ती फोनवर बोलते. रेडिओ लावत नाही. आज तिसऱ्या रांगेत बसलीये. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तिच्या हातचे लाडू खाल्लेत. जेवताना तिच्याशी जरूर बोला, पण एकेकानं, समोर बसून. आणि तेवढा वेळ स्पीकर बंद ठेवा रे.