आणलेल्या कळा

'कळा' हा शब्द मराठीत बहुधा अनेकवचनी येतो, आणि त्यात मोठे शहाणपण साठवलेले आहे. वेदना अखंड नसते. ती चढते, उतरते, मध्ये विसावा देते आणि पुन्हा येते. आपोआप सुरू होणाऱ्या प्रसूतीत हा क्रम बहुधा सावकाश वाढतो. आरंभीच्या सौम्य कळांतच स्त्री पुढच्या श्रमाचा अंदाज घेते.

परंतु दिवस उलटले, रक्तदाब चढला किंवा पाणी जाऊनही कळा आल्या नाहीत, तर त्या आणाव्या लागतात. गर्भाशयाचे तोंड तयार नसेल तर औषधाने किंवा छोट्या फुग्याने आधी ते मऊ करतात, आणि मग जरुरीप्रमाणे ऑक्सिटोसिन शिरेवाटे थेंबाथेंबाने सोडतात. पीयूष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांना १९०६ मध्ये दिसले होते. पुढे व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडविले आणि १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळविले.

या मार्गाने जाणाऱ्या स्त्रीची पहिली कसोटी वेदना नव्हे, प्रतीक्षा असते. तोंड मऊ व्हायला कधी एक दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. बाहेर नातेवाईक तासातासाला 'अजून काहीच नाही?' असे विचारीत राहतात, आणि आपलेच शरीर कमी पडते आहे असे तिला वाटू लागते. तो काळ झोपेचा आहे, डॉक्टरांच्या परवानगीने थोडे खाण्यापिण्याचा आहे. शक्ती तेथेच खर्ची पडली तर खऱ्या श्रमाला उरणार काय?

सलाइन सुरू झाल्यावर कळा पुष्कळदा जोराने आणि जवळजवळ येतात. सवय होण्यास अवसर मिळत नाही. भीतीने शरीर ताठरते आणि ताठरल्याने वेदना वाढते, असे ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ मध्ये मांडले. त्यांची सारीच मते टिकली नाहीत. पण हे निरीक्षण कामाचे आहे. आवळलेला जबडा, उचललेले खांदे, मिटलेल्या मुठी सैल कराव्यात. श्वास सोडताना तो लांबवावा, कण्हावेसे वाटले तर खुशाल कण्हावे. हातात नळी असली तरी बहुधा कुशीवर वळता येते, बसता येते, पुढे ओणवून कंबर चोळून घेता येते.

कळांमधला विसावाच नाहीसा झाला, दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या, तर परिचारिकेला तत्काळ सांगावे. अशा कळा बाळालाही जाचक होतात. थेंब कमी करता येतात, थांबविताही येतात. वेदनाशमन मागणे हा तर तिचा अधिकारच आहे. व्हिक्टोरिया राणीने १८५३ मध्ये प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हाही सोसण्याचे गोडवे गाणारे होतेच. ते बहुतेक स्वतः कधी बाळंत न झालेले पुरुष! आज पाठीच्या कण्यालगत औषध सोडून कळांची धार बोथट करता येते. ही सोय सर्वत्र नसते, म्हणून चौकशी आधीच केलेली बरी.

आणि सोबत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत स्त्रीच्या पसंतीच्या सोबतीला स्थान दिले. ही सोबत आईची असो, बहिणीची असो वा पतीची. उपदेशाची गरज नसते. कळ चढताना हात धरावा, ती उतरली की 'ही गेली' एवढेच म्हणावे आणि पाण्याचा पेला पुढे करावा.