मुलाचा शब्द आणि शाळेचा लौकिक

आईबाप मुलाला शाळेच्या फाटकाशी सोडतात, तेव्हा ते केवळ त्याच्या शिक्षणाची सोय करीत नसतात. दिवसातील सहा-सात तासांपुरता ते आपला अधिकार आणि आपली जबाबदारी दुसऱ्याच्या हाती सोपवीत असतात. तेवढ्या वेळापुरता शिक्षक हा आईबापांच्या जागी असतो, ही कल्पना कायद्यालाही जुनीच परिचित आहे. बहुतेक शाळांत हा विश्वास सार्थ ठरतो. परंतु जेथे तो ढळतो तेथे नेमके काय घडते, आणि ते घडू नये म्हणून शाळेला व पालकांना काय करता येईल, हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी बेंगळुरू शहराचे उदाहरण घेणे उचित ठरेल. या प्रश्नाने ते शहर एकदा मुळापासून हादरले होते, आणि या प्रश्नाचा शांतपणे, दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या संस्थाही त्याच शहरात आहेत.

२०१४ सालच्या जुलै महिन्यात बेंगळुरूच्या पूर्व भागातील एका खासगी शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर शाळेच्या आवारातच लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार पोलिसांकडे आली. वार्ता पसरताच पालक मोठ्या संख्येने शाळेपुढे जमले आणि पुढे अनेक दिवस शहरात मोर्चे निघत राहिले. हा संताप केवळ गुन्ह्यापुरता नव्हता. घटनेची कुणकुण लागल्यावर शाळेने काय केले, पालकांना विश्वासात घेतले की आपले नाव सांभाळण्याचा यत्न केला, हा प्रश्न लोक तितक्याच तीव्रतेने विचारीत होते. गुन्ह्याची माहिती पोलिसांना न कळविल्याच्या आरोपावरून शाळेच्या एका प्रमुख चालकास अटक झाली. दुसरी गोष्टही विसरण्याजोगी नाही. लोकक्षोभाच्या दडपणाखाली प्रथम ज्या प्रशिक्षकाला पकडण्यात आले, त्याचा या गुन्ह्याशी संबंध नसल्याचे पुढे आढळून आले आणि दुसऱ्या दोघांना अटक करण्यात आली. म्हणजे, या एकाच प्रकरणात दोन्ही प्रकारचे धोके दिसून आले: गप्प राहण्याचा आणि घाई करण्याचा.

त्यानंतर शाळांना अनेक सूचना देण्यात आल्या. आवारात कॅमेरे बसवावेत, नोकरीवर घेण्यापूर्वी प्रत्येकाची पोलिसांकडून चौकशी करून घ्यावी, मुलांच्या बसमध्ये स्त्री-सेविका असावी, बाहेरच्या माणसाला परवानगीवाचून आत सोडू नये. या साऱ्या गोष्टी आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु त्या सर्वांमागे एक गृहीत आहे. धोका बाहेरून येतो आणि तो डोळ्यांना दिसतो, असे ते गृहीत होय. वस्तुस्थिती तशी नाही.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल-अत्याचारांविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी त्यासाठी बोलण्यात आले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, नेमके सांगायचे तर ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींहून कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी पुष्कळजण मुलाच्या ओळखीचे, त्याच्या विश्वासातले होते. बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणाजवळही बोलून दाखविली नव्हती. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक शिक्षा भोगल्याचेही याच अभ्यासातून पुढे आले. तेव्हा प्रश्न केवळ कुंपणाच्या उंचीचा नाही. कुंपणाच्या आत मुलाने उच्चारलेला शब्द ऐकला जातो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

मूल बोलत का नाही? पहिले कारण असे की त्याच्याजवळ शब्द नसतात. आपल्या घरांतून शरीराच्या काही अवयवांना नावच नसते, किंवा असलेच तर ते लाजेने झाकलेले असते. ज्या गोष्टीला नाव नाही तिची तक्रार कशी करावी हे सहा वर्षांच्या मुलाला उमगत नाही. दुसरे कारण भीती. ‘कोणाला सांगितलेस तर तुलाच शाळेतून काढतील’, एवढी धमकी त्याला पुरते. तिसरे कारण अपराधीपणा: आपल्याच हातून काही चुकले असावे, असे मूल मानून चालते. परंतु चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे असून त्याची चर्चा सर्वांत कमी होते. मोठी तक्रार करण्याची वेळ येण्यापूर्वी मुलाने पुष्कळ लहान तक्रारी करून पाहिलेल्या असतात, आणि त्यांचे काय झाले हे त्याच्या ध्यानात असते. मधल्या सुट्टीत कोणी डबा हिसकावून घेतला, कोणी रोज एका विशिष्ट नावाने चिडवतो, कोणी बसमध्ये चिमटे काढतो, असे त्याने सांगितले असता ‘तूच काहीतरी केले असशील’ किंवा ‘एवढ्यातेवढ्यासाठी रडायचे नसते’ असे उत्तर ज्याला मिळाले, ते मूल पुढे त्याहून भयंकर गोष्ट घेऊन त्याच मोठ्या माणसाकडे जाईल, ही अपेक्षा व्यर्थ होय.

म्हणूनच शाळेतील दांडगाई आणि शाळेतील अत्याचार हे दोन निराळे विषय मानणे चुकीचे आहे. दांडगाईचा शास्त्रीय अभ्यास प्रथम स्कँडिनेव्हियात झाला. १९७०च्या सुमारास डॅन ओल्व्यूस या मानसशास्त्रज्ञाने स्वीडनमधील शाळकरी मुलांचे निरीक्षण करून या वर्तनाची तीन लक्षणे निश्चित केली: ते हेतुपुरस्सर असते, ते पुनःपुन्हा घडते आणि त्यात बळाची विषमता असते. दोन बरोबरीच्या मुलांचे भांडण ही दांडगाई नव्हे. ज्याला उलटून प्रतिकार करता येत नाही त्याला रोज गाठणे ही दांडगाई होय. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून झालेला छळ हे त्यामागील संभाव्य कारण असल्याचे समजताच सारे राष्ट्र अस्वस्थ झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गन शहरातील शाळांमध्ये ओल्व्यूस यांनी जी पद्धत अवलंबिली, तिने छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. या पद्धतीत विशेष गुंतागुंत नव्हती. मधल्या सुट्टीत मोठी माणसे आवारात हजर असत. वर्गाचे नियम मुलांसमवेत ठरविले जात. आणि जी मुले स्वतः छळत नाहीत पण उभी राहून पाहतात, त्या मोठ्या गटावर सर्वाधिक भर दिला जाई. कारण दांडगाई करणाऱ्याला प्रेक्षक लागतात.

आपल्याकडे या विषमतेला निराळी रूपे येतात. जात, वर्ण, अपंगत्व, बापाचा धंदा, बोलण्याची ढब, यांपैकी कोणतेही निमित्त पुरते. बेंगळुरूसारख्या शहरात, जेथे एकाच वर्गात चार-पाच मातृभाषांची मुले बसतात, तेथे उच्चारांवरून होणारी थट्टा हा नित्याचा अनुभव ठरू शकतो. क्वचित हा अवमान मोठ्यांकडूनही होतो. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेविल्या. या जागांवर आलेल्या काही मुलांचे केस, ती ओळखू यावीत म्हणून, कापण्यात आले, असा आरोप जुलै २०१२ मध्ये बेंगळुरूच्या एका शाळेवर झाला आणि त्यावरून मोठा वाद माजला. आरोपाच्या खरेखोटेपणाचा निर्णय काहीही असो. ज्या शाळेत मुलामुलांत भेद दाखविला जातो, तेथे छळणाऱ्या मुलाला आपले सावज कोण हे आयतेच कळते, एवढे मात्र खरे.

कायद्याच्या बाजूने पाहता आज उणीव फारशी नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करते; छडीवाचून विद्या येत नाही या समजुतीला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२चा कायदा, जो ‘पॉक्सो’ या नावाने ओळखला जातो, तो त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला व मुलीला तो लागू आहे. गुन्हेगार जर शाळेच्याच सेवेत असेल तर तो गुन्हा अधिक गंभीर मानला जातो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, मुलाला आरोपीच्या समोर आणू नये, त्याचे नाव वा ओळख प्रसिद्ध होऊ देऊ नये, अशा तरतुदी त्यात आहेत. परंतु शाळांच्या दृष्टीने एकोणिसावे व एकविसावे ही कलमे विशेष महत्त्वाची होत. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंडही होऊ शकतो. आधी आपण घरातल्या घरात चौकशी करू, मग पाहू, ही सवलत कायद्याने मुख्याध्यापकास ठेविलेली नाही.

तरीही शाळा गप्प राहतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे हेच पुन्हा दिसले. बालवर्गातील दोन लहान मुलींवर शाळेतील सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना गुन्हा नोंदविण्यासाठीच कित्येक तास तिष्ठावे लागले. २० ऑगस्टला संतप्त जमावाने तेथील रेल्वे वाहतूक दिवसभर रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. संशयिताचा पुढे सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मृत्यू झाला, आणि त्याच्यावरील खटला निकालापर्यंत पोचलाच नाही. ‘सखी सावित्री’ समित्या प्रत्येक शाळेत असाव्यात, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय १० मार्च २०२२चा होता. परंतु कागदावरची समिती मुलाच्या मदतीला येत नाही. बेंगळुरू आणि बदलापूर यांच्यामध्ये दहा वर्षांचे अंतर आहे. ज्या क्षणी मोठ्यांनी ऐकावयास हवे होते तो क्षण मात्र दोन्हीकडे सारखाच वाया गेला.

बेंगळुरूतील संस्थांच्या कामाचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण त्यांचे लक्ष नेमके याच क्षणावर आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजेच ‘निम्हान्स’, येथील बालमानसोपचार विभागाने शिक्षकांना प्रशिक्षण देण्यावर भर दिला. मुलाच्या वागण्यात एकाएकी झालेला बदल ओळखणे, एखादे मूल शाळेत जाण्यास नकार देऊ लागले, चित्रे काढणे सोडू लागले, पोटदुखीची तक्रार वारंवार करू लागले, तर त्याला न रागावता त्याच्याजवळ बसणे, हे शिकविता येते असे या कामातून दिसून आले. २००१ साली दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्थापन केलेली ‘एनफोल्ड’ ही संस्था शाळांतून मुलांना आपल्या शरीराविषयी, सुरक्षित व असुरक्षित स्पर्शाविषयी त्यांच्या वयाला झेपेल अशा भाषेत शिकविते. मुलाला शब्द देण्याचे काम ते हेच. राष्ट्रीय विधी विद्यापीठातील बालक व कायदा केंद्राने कर्नाटक, महाराष्ट्र आदी पाच राज्यांतील विशेष न्यायालयांच्या कामाचा अभ्यास केला. कितीतरी मुले न्यायालयात उभी राहिल्यावर आपला आधीचा जबाब फिरवितात, हे त्यातून दिसले. दडपण बहुधा आप्तांचे वा ओळखीच्यांचे असते. मुलाला एकदा बोलते केले की आपले काम संपले, असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानी घ्यावा.

मग शाळेने काय करावे? शाळेत मुलाला ठाऊक असलेली निदान दोन मोठी माणसे अशी असावीत, ज्यांच्याकडे कोणत्याही वेळी जाता येईल; एकाच व्यक्तीवर सारे सोपविल्यास, तीच व्यक्ती अपराधी असली तर वाट बंद होते. तक्रारपेटी लावली असेल तर ती कोण उघडतो आणि किती दिवसांनी उघडतो हे मुलांना माहीत असावे. लहानात लहान तक्रारीचे काय झाले ते मुलाला परत सांगावे, मग निर्णय त्याच्या बाजूने लागो वा न लागो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत-दूरध्वनी क्रमांक प्रत्येक वर्गात लिहिलेला असावा. मूल बोलू लागले की त्याला उलटसुलट प्रश्न विचारू नयेत, वेगवेगळ्या माणसांपुढे तीच कथा पुनःपुन्हा सांगावयास लावू नये. त्याच्या शब्दांत जेवढे आले तेवढे लिहून घ्यावे आणि कळविण्याचे कर्तव्य त्याच दिवशी पार पाडावे. खरे कोण व खोटे कोण हे ठरविणे तपास करणाऱ्यांचे आणि न्यायालयाचे काम आहे. शिक्षकाने न्यायाधीश होऊ नये आणि जमावानेही होऊ नये. निरपराध माणसाचे रक्षणही याच मार्गाने होते.

यावर शाळाचालकांचा आक्षेप ठरलेला असतो: अशी बाब बाहेर गेली तर वर्षानुवर्षे कष्टाने मिळविलेला लौकिक एका दिवसात जाईल. ही भीती समजण्याजोगी आहे. पटांवरील मुले कमी झाली तर शाळा चालत नाही, हेही खरे. परंतु वर सांगितलेल्या दोन्ही प्रकरणांत शाळांचे नाव बाहेर आल्यावाचून राहिले नाही. लोकांचा रोष अधिक वाढला तो गुन्हा शाळेत घडला एवढ्यानेच नव्हे, तर तो शाळेने वेळेवर सांगितला नाही यामुळे. ज्या शाळेने स्वतः होऊन पालकांना बोलाविले, पोलिसांना कळविले आणि मुलाच्या पाठीशी उभे राहणे पसंत केले, तिच्याविषयी पालकांना काय वाटेल याचा विचार चालकांनी करावा.

पालकांवरील जबाबदारीही थोडी नाही. शाळा निवडताना निकालाची टक्केवारी, मैदान, संगणक यांची चौकशी होते. मुलाने तक्रार केली तर ती कोणाकडे जाते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. पुढच्या पालकसभेत तो विचारला जावा. आणि घरी परतलेल्या मुलाला आज काय शिकविले एवढेच न विचारता आज कोणाबरोबर बसलास, सुट्टीत काय झाले, हेही विचारले जावे, आणि उत्तर लांबले तरी ते शेवटपर्यंत ऐकले जावे.