सदनिकेत कुत्री किती? : कायदा, उपविधी आणि शेजारधर्म

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाला ‘पाळीव प्राणी व कायदा’ असं भारदस्त नाव दिलंय. पण आज एवढी गर्दी कशामुळे झालीय, ते मला ठाऊक आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे : ‘एका सदनिकेत एकच कुत्रा. जास्तीचे कुत्रे तीन महिन्यांत हलवावेत.’ आपल्याकडे तीन घरांत दोन-दोन कुत्री आहेत. ठराव मंजूर झाला तर या तीन घरांना आपल्या दोघांपैकी कोणाला ठेवायचं, ते ठरवावं लागेल. त्या घरांतली मुलंही आज इथे बसली आहेत.

पण ठराव मांडणाऱ्यांना दुष्ट ठरवू नका. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आठ वाजता भुंकणं सुरू झालं, तर त्यानं काय करावं? लिफ्टचं दार उघडताच अंगावर झेप येईल, या धास्तीनं एखाद्या आजी गुडघे दुखत असताना जिना चढतात. हा त्रास खरा आहे. प्रश्न एवढाच, की ‘एकच कुत्रा’ हे त्याचं औषध आहे का?

आधी कायदा पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये घरात कुत्री किती असावीत, याचा आकडा नाही. शासनाच्या आदर्श उपविधींतही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये पाळीव कुत्र्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमतानं ठराव करून किंवा उपविधी बदलूनही संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येणार नाही, असं त्यांत म्हटलंय. कुत्रा मोठा आहे म्हणून नको, लिफ्ट वापरायची तर जादा पैसे भरा, हेही चालणार नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये, रहिवाशांना पाळीव प्राणी ठेवायला सरसकट मनाई करणाऱ्या अटी घटनाबाह्य ठरवल्या. त्याच वेळी, मालकांना वाजवी अटी घालता येतील, असंही सांगितलं. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. लोक आपापल्या सोयीची तेवढीच ऐकतात!

कोणी म्हणेल, ‘ताई, आम्ही बंदी कुठे घालतोय? एक ठेवा की!’ मुद्दा बरोबर आहे. बंदी आणि मर्यादा यांत फरक आहे. पण ज्या घरात आज दोन कुत्री आहेत, तिथल्या दुसऱ्या कुत्र्यासाठी ही मर्यादा म्हणजे बंदीच. त्यातून वाद सहकार न्यायालयात गेला, तर पाच-सात वर्षांची निश्चिंती. वकिलाची फी कोण भरणार? तुम्ही-आम्ही, मासिक वर्गणीतून.

मग आकड्याची मर्यादा कुठेच नसते का? असते. पण ती घालते स्थानिक शासनसंस्था, आणि तिच्यामागे परवान्याची यंत्रणा असते. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकेत एकच कुत्रा ठेवता येतो, तोही ठरवून दिलेल्या लहान जातींपैकी. शांघायमध्ये २०११ पासून घरटी एकच कुत्रा. पण तो नियम आणताना परवान्याची फी कमी केली, म्हणजे लोकांनी लपवाछपवी न करता नोंदणी करावी. लॉस एंजेलिस शहरात घरामागे तीन. त्यापुढे श्वानगृहाचा परवाना लागतो. आपल्या देशात चंडीगडनं २०२५ मध्ये घराच्या आकारानुसार एक ते चार अशी वर्गवारी केली.

बंगळुरूची गोष्ट मात्र आपल्यासाठी शिकण्यासारखी आहे. तिथल्या महापालिकेनं २०१८ मध्ये नियम काढला : फ्लॅटमध्ये एक कुत्रा, स्वतंत्र घरात तीन. लोक इतके खवळले की नियम बाजूला ठेवावा लागला. लोकांचा सवाल साधा होता. चार खोल्यांच्या फ्लॅटमधली दोन शांत कुत्री चालत नाहीत, आणि दोन खोल्यांच्या बंगलीत तीन चालतात, हे कुठलं गणित?

मुद्दा इथेच आहे. आकडा मोजायला सोपा, म्हणून आपण तो धरून बसतो. त्रास मात्र आकड्याप्रमाणे होत नाही. आपल्याच इमारतीत बघा. सगळ्यात जास्त तक्रारी ज्या घराबद्दल आहेत, तिथे कुत्रा एकच आहे. दिवसभर घराला कुलूप, आणि तो बिचारा बाल्कनीत बांधलेला. तो भुंकणार नाही तर काय करणार? उद्याच्या ठरावानं त्या घराला काहीही होणार नाही. ज्या घरातल्या दोन कुत्र्यांचा आवाज शेजाऱ्यांनी कधी ऐकला नाही, ते घर मात्र दोषी ठरेल. असा नियम करून वरच्या मजल्यावरचं भुंकणं थांबेल का?

त्रासाबद्दल कायदा गप्प आहे, असं समजू नका. सभासदानं इतरांना उपद्रव किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, हे उपविधींत आहेच, आणि ते एका कुत्र्यालाही लागू आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्रीची वेळ १० ते ६ धरली आहे आणि निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाला धोका निर्माण केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२५ मध्ये पुण्यात एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरी असल्याची तक्रार आली, तेव्हा महापालिकेनं दुर्गंधी आणि उपद्रवाच्या कारणावरून नोटीस दिली. तिथे कारवाईसाठी ‘घरटी इतक्याच मांजरी’ असा नियम लागला नाही.

आता प्राणी पाळणाऱ्यांशी बोलते. मघापासून तुम्ही माना डोलावताय, म्हणून मुद्दाम तुमच्याकडे वळतेय. मर्यादा नाही, याचा अर्थ मोकळं रान असा नाही. तुमच्याकडे महापालिकेचा परवाना आहे? रेबीजची लस दरवर्षी दिली जाते? कार्ड कुठे आहे? परवान्याच्या अटी एकदा नीट वाचा. तिथे जे असेल ते पाळावंच लागेल. मंडळाच्या सूचनांप्रमाणे घाण उचलण्याबद्दल संस्थेनं विनंती करायची, दंड करायचा नाही. पण या सवलतीचा फायदा घेऊन कुत्र्याला पार्किंगमध्ये सोडून मोबाईल बघत उभं राहू नका. मुंबई-पुण्याच्या महापालिकांनी रस्त्यावरच्या घाणीबद्दल दंड ठेवला आहे. घरी पिल्लं विकण्याचा धंदा करत असाल, तर तो छंद राहत नाही. २०१७ च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे नोंदणी लागते. आणि कुत्र्याला आखूड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणं, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पाळीव जनावर सोडून देणं, हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. ‘जास्तीचे कुत्रे तीन महिन्यांत हलवावेत’ असं लिहिताना ते हलून कुठे जाणार, याचा विचार ठराव मांडणाऱ्यांनीही करावा. जास्तीचे झालेले कुत्रे शेवटी आपल्याच फाटकाबाहेर दिसतात.

एक गैरसमजही दूर करते. फाटकाजवळच्या कुत्र्यांना जी घरं भाकरी घालतात, त्यांच्या नावावर ती कुत्री धरून मोजणी करावी, अशी सूचना आली होती. तसं करता येत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव आणि रस्त्यावरचे प्राणी असा स्पष्ट भेद केला आहे. पाळीव प्राण्याची जबाबदारी मालकाची. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची स्थानिक संस्थेची. त्यांना खायला घालायची जागा मात्र मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या वाटेपासून लांब असावी, आणि ती ठरवण्यात आपण पुढाकार घ्यायचा आहे.

तर माझी सूचना अशी. आकड्याचा ठराव मागे घ्या आणि त्याऐवजी दुसरा मांडा. प्रत्येक प्राण्याची कार्यालयात नोंद, सोबत परवाना आणि लसीच्या कार्डाची प्रत. जिना, लिफ्ट आणि आवारात पट्टा हातात. कोणी घाबरत असेल, तर आधी त्यांना लिफ्टनं जाऊ द्यायचं. बागेत फिरवण्याच्या वेळा सगळ्यांनी बसून ठरवायच्या. रात्री दहानंतर आवाज आवरायचा. घर दिवसभर बंद राहणार असेल, तर कुत्र्याची सोय करायची. तक्रार लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. ती ऐकायला तीन जणांची समिती : एक प्राणी पाळणारे, एक न पाळणारे आणि एक ज्येष्ठ सभासद. समितीनं तक्रार आलेल्या घरी जाऊन बघायचं, मग बोलायचं. एवढं करूनही सुधारणा झाली नाही, तर उपविधी आहेत, महापालिका आहे, पोलीस आहेत. त्या वेळी आपल्या हातात नोंदी असतील आणि आपली बाजू भक्कम असेल.

यातल्या कुठल्याही अटीला कुत्रे किती, हे विचारावं लागत नाही. दोन कुत्री नीट सांभाळणाऱ्याला या अटी जड जाणार नाहीत आणि एकही नीट न सांभाळणाऱ्याला त्यांतून सुटता येणार नाही.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याचा वाद मिटवला, पार्किंगचा मिटवला, गळतीचा तर तीनदा मिटवला. दर वेळी तोडगा निघाला तो माणसं एकमेकांच्या घरी जाऊन बसली म्हणून. सभेला अजून पाच आठवडे आहेत. ठराव मांडणाऱ्या सभासदांनी त्या तीन घरी एकदा चहाला जावं, आणि त्या तीन घरांनी रात्रपाळीवाल्यांच्या घरी सकाळी आठ वाजता बसून पाहावं. मग सभेत मत द्या.